गृहनिर्माण संस्थेचा दुरुस्ती निधी

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीची नेहमीची देखभाल आणि काही वर्षांनी निघणारी मोठी डागडुजी यांसाठी सभासदांकडून मेंटेनन्सच्या बिलातून गोळा केली जाणारी वर्गणी. महाराष्ट्रात हा व्यवहार महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि आदर्श उपविधी (संस्थेच्या कारभाराचे नमुना नियम) यांनुसार चालतो. बिलावर त्यासाठी दोन स्वतंत्र ओळी असायला हव्यात : दुरुस्ती व देखभाल निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी. वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, सफाई हा सेवा शुल्कातला चालू खर्च. त्याचा या निधीशी संबंध नाही. पुष्कळ संस्था मात्र सगळे मिळून चौरस फुटामागे एकच आकडा लावतात. महिन्याची देणी भागली की पैसे पुरले असे वाटते आणि वीस वर्षांनी पंप, प्लॅस्टर, गच्ची एकदमच दाराशी उभी राहतात.

आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधीची वर्गणी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडाची किमान ०.२५ टक्के असते. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. समजा, सदनिकेचा बांधकाम खर्च १५ लाख रुपये आहे. मग दुरुस्ती निधीचे वर्षाला ११,२५० आणि सिंकिंग फंडाचे ३,७५० रुपये होतात. दुरुस्ती निधी नेहमीच्या कामांसाठी वापरतात. सिंकिंग फंडाला सहजासहजी हात लावता येत नाही : पुनर्बांधणी, बांधकाम मजबूत करणारे बदल किंवा वास्तुविशारदाने गरज प्रमाणित केलेली मोठी दुरुस्ती, आणि त्यासाठीही सर्वसाधारण सभेचा ठराव. याखेरीज एखाद्या मोठ्या कामासाठी सभा वेगळी वर्गणी ठरवू शकते.

या पद्धतीतली खरी गोम ‘बांधकाम खर्च’ या दोन शब्दांत आहे. हा खर्च इमारत बांधली तेव्हाचा. १९७८ साली एका सदनिकेचा बांधकाम खर्च ६०,००० रुपये आला असे धरले, तर दुरुस्ती निधी वर्षाला ४५० आणि सिंकिंग फंड १५० रुपये होतो. वीस सदनिकांच्या इमारतीत दोन्ही मिळून वर्षाला १२,००० रुपये. एवढ्यात आज बाहेरच्या भिंतींना रंग लावायची परांचीसुद्धा उभी राहत नाही. इमारत नवी असली तरी गणित फारसे सुधारत नाही. ०.२५ टक्क्याची वर्गणी तीस वर्षे नियमित भरली आणि तिच्यावर ७ टक्के चक्रवाढ व्याज मिळाले, तरी जमा होते मूळ बांधकाम खर्चाच्या साधारण २४ टक्के. दरम्यान सिमेंट, सळई आणि मजुरी तीस वर्षे पुढे गेलेली असते. उपविधींत ‘किमान’ म्हटले आहे, म्हणजे जास्त दर लावायला सर्वसाधारण सभेला मोकळीक आहे. पण कार्यकारिणीने वाढ सुचवली की सभेत आवाज चढतात, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ हाच ठराव बिनविरोध मंजूर होतो.

जुन्या दराला चिकटून राहिल्याने काय होते, हे मुंबईने याआधी एकदा पाहिले आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाड्यात दुरुस्ती परवडेना, म्हणून मालकांनी हात आखडता घेतला आणि चाळी व पागडीच्या इमारती खिळखिळ्या झाल्या. त्यातून १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आले आणि शहर भागातल्या जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झाले. अशा इमारतींना आजही ‘सेसच्या इमारती’ म्हणतात. तिथे दोष मालकावर टाकता येत होता. संस्थेत मालक आणि राहणारा एकच, तरी घडते तेच.

किनारपट्टीच्या शहरांत खर्चाचा मोठा वाटा पाणी आणि गंज खातात. खारी, दमट हवा आणि पाऊस काँक्रीटच्या बारीक भेगांतून सळईपर्यंत पोचतात. गंजलेली सळई फुगते, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. मग वरचे आवरण तडकून सुटते आणि छज्ज्याचे पोपडे खाली पडू लागतात. या टप्प्यावर नुसता गिलावा आणि रंग म्हणजे पैसे पाण्यात. सैल काँक्रीट फोडून सळई साफ करायची, तिला गंजरोधक लेप द्यायचा, जास्त झिजली असेल तर जोडसळई टाकायची आणि मग पॉलिमर मॉर्टरने भराव करायचा, अशी ही कामे चालतात. गच्चीचा कोबा वेळेवर झाला असता तर यातले बरेचसे टळते. त्यामुळे अंदाजपत्रकात गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पावसाळी पाण्याचे पाइप आणि बाहेरच्या भिंतींच्या भेगा आधी धराव्यात. प्रवेशद्वारावरच्या ग्रॅनाइटला नंतर सवड मिळते.

स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, खर्चही यातच धरावा लागतो. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. लिफ्टचा वार्षिक करार आणि टाक्यांची सफाई ही कामे ठरलेली असतात, तेव्हा त्यांचा आकडा आधीच लिहिता येतो.

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते, वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि बाहेरचे काम पावसात होत नाही. म्हणून सभेत मंजुरी, दसरा-दिवाळीच्या सुमारास निविदा, मग परांची आणि मेअखेर काम पुरे, असा क्रम सोयीचा पडतो. सभेत विषय लटकला की अख्खा उघाडीचा हंगाम हातचा जातो आणि मेच्या शेवटी निळी ताडपत्री विकत आणावी लागते.

कोणती गळती कुणाच्या खर्चाने, हा संस्थांमधला बारमाही वाद. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी आले तर दुरुस्ती संस्थेची. वरच्या मजल्यावरच्या मोरीतून, संडासातून किंवा सिंकमधून गळत असेल तर ती सभासदाने करायची. भिंत एक, ओल एक आणि कारणे मात्र दोन, असेही होते. तिथे प्लंबरच्या मतापेक्षा अभियंत्याचा लेखी अहवाल मागवलेला बरा.

नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार तो विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे त्या काळात वर्गणीची निकड कुणाला जाणवत नाही. जुन्या इमारतीत उलटे घडते. पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की ‘आता पाडायचीच आहे’ म्हणून दुरुस्ती थांबते. मंजुऱ्या, विकासकाची निवड आणि सभासदांची संमती यांत वर्षे निघून जातात. तेवढी वर्षे पाऊस त्याच गच्चीवर पडत राहतो, आणि ऑडिटच्या अहवालात ‘दुरुस्तीयोग्य’ ठरलेली इमारत पुढच्या अहवालात ‘धोकादायक’ ठरू शकते.