समुद्री पवनचक्क्यांचे भंगार : ‘नव्वद टक्के’ या आकड्याची पार्श्वभूमी

पवनचक्कीच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत भागावर पुनर्प्रक्रिया होऊ शकते, असे सांगितले जाते. समुद्रातला जगातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प १९९१ मध्ये डेन्मार्कच्या विंडेबी इथे उभा राहिला. प्रत्येकी ४५० किलोवॉटच्या ११ पवनचक्क्या होत्या. २०१७ मध्ये पाती, नॅसेल (मनोऱ्यावरची जनित्राची पेटी), मनोरा असे क्रेनने उतरवले आणि काँक्रीटचे पाये जागेवरच फोडून उचलले. पुढच्या प्रकल्पांत पाया म्हणजे पोलादी नळा, मोनोपाइल. तो आतून घासणारी भुकटी मिसळलेल्या पाण्याच्या झोताने समुद्रतळाखाली एक-दोन मीटरवर कापतात. आतली माती आधी नीट उपसली नाही तर काप अर्धवट राहतो. कापाखालचे पोलाद समुद्रातच राहते. टक्केवारी वाचताना ते धरले आहे का, हे आधी पाहावे.

वजनाने ८५ ते ९० टक्के पवनचक्कीवर पुनर्प्रक्रिया होऊ शकते, हा आकडा खोटा नाही. मनोऱ्याचे पोलाद, हबचे (पाती जिथे जोडतात त्या मधल्या भागाचे) ओतीव लोखंड यांचा किलोचा भाव कळंबोलीच्या लोखंड बाजारात कोणीही सांगेल. केबलमधल्या तांब्यालाही गिऱ्हाईक आहेच. अडते ते पात्यांपाशी. काचतंतूंचे थर इपॉक्सी या रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या राळेत) भिजवलेले, मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम. पक्के झालेले इपॉक्सी वितळत नाही, तापवले तर जळते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एफआरपीच्या (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) टाक्या बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे : कापताना धूळ अंगाला खाजते आणि वाया गेलेला तुकडा पुन्हा साच्यात जात नाही.

जर्मनीने २००५ पासून असा कचरा क्षेपणभूमीत टाकणे बंद केले आणि पात्यांचे तुकडे सिमेंटच्या भट्टीकडे वळले. इपॉक्सी कोळशाऐवजी जळते; काचेतली सिलिका, चुना, अॅल्युमिना क्लिंकरमध्ये (दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांत) मुरतात. तंतूंच्या काचेतले बोरॉन जास्त झाले तर सिमेंट उशिरा घट्ट होते, म्हणून प्रमाण राखावे लागते. कार्बन तंतूंचे भाग आधी वेगळे काढावे लागतात, कारण ते वीज वाहतात आणि धूळ पकडणाऱ्या विद्युत यंत्रणेत बिघाड करतात. याला पुनर्प्रक्रिया म्हणायचे का? खनिजापुरते म्हणता येईल. पण तंतू परत मिळत नाही, आणि जळालेला भाग इंधनच. दोन्ही एकाच रकान्यात मांडणे आम्हाला मान्य नाही.

सौम्य आम्लात सुटणाऱ्या रेझिनची पाती २०२२ मध्ये जर्मनीच्या कासकासी प्रकल्पात बसली. आधीच्या पात्यांना त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे समुद्री पवनऊर्जेचे धोरण २०१५ मध्ये आले. २०२४ मध्ये गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर मिळून १,००० मेगावॉटसाठी अर्थसाहाय्य मंजूर झाले. पात्यांत कोणते रेझिन आणि कार्बन तंतू नेमके कुठे, ही नोंद निविदेतच मागून घेता येते.