उंदीर, साचलेले पाणी आणि लेप्टो : ठाण्यातील आमच्या ग्राहकांसाठी

पावसाळ्याच्या तोंडावर आम्हाला येणारे बहुतेक फोन वायर कुरतडल्याचे, स्कूटरची सीट फाडल्याचे, नाहीतर ओट्याखाली लेंड्या सापडल्याचे असतात. हे नुकसान डोळ्यांना दिसते, म्हणून लगेच तक्रार होते. उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार मात्र दिसत नाही आणि तो जिवावर बेतू शकतो. पेस्ट कंट्रोल आमच्याकडून करून घ्या किंवा दुसऱ्या कुणाकडून, पण हे पत्रक वाचा. घरी कामाला येणाऱ्या ताईंना, वॉचमनला आणि सफाई करणाऱ्या माणसांनाही वाचून दाखवा. धोका त्यांना आपल्याहून जास्त आहे.

लेप्टो येतो कुठून

लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो. उंदराला त्याचा फारसा त्रास होत नाही. तो धडधाकट फिरतो, खातो, पिलावळ वाढवतो आणि महिनोन्महिने मूत्रावाटे जिवाणू बाहेर टाकत राहतो. घुशींमुळेही हेच होते. कुत्रे, डुकरे आणि गुरेही हा जिवाणू बाळगू शकतात. घरात कुत्रा असेल तर त्याच्या लसीत लेप्टोचा समावेश आहे का, हे प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

‘उंदीर चावला नाही ना, मग कशाला घाबरायचे?’ असे आम्हाला बऱ्याचदा ऐकायला मिळते. त्यासाठी उंदीर चावावाच लागत नाही. मूत्र गोड्या पाण्यात किंवा ओल्या मातीत मिसळले की जिवाणू तिथे काही आठवडे तग धरू शकतो. कोरड्या जागेत आणि उन्हात तो लवकर मरतो, म्हणून लेप्टोचा जोर पावसाळ्यात असतो. टाचेची भेग, चप्पल लागून सोललेली कातडी, बोटांमधल्या चिखल्या, एवढी वाट त्याला पुरते. बराच वेळ पाण्यात राहून मऊ पडलेल्या त्वचेतून, डोळ्यांतून, नाका-तोंडातूनही तो शरीरात जातो.

वंदना एसटी स्टँडच्या आसपास किंवा नौपाड्याच्या सखल भागात पाणी तुंबते तेव्हा काय होते पाहा. गटारालगतच्या बिळांत पाणी शिरते, आतली सगळी घाण घेऊन वर येते आणि रस्त्यावरून सोसायटीच्या पार्किंगमध्ये पसरते. आपण त्याच पाण्यातून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घर गाठतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोचे रुग्ण एकदम वाढले होते.

ताप आला तर अंगावर काढू नका

घाण पाण्याशी संपर्क आल्यावर साधारण 5 ते 14 दिवसांत लक्षणे दिसतात. कधी दोनच दिवसांत, कधी महिन्यानेही. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, उलट्या. अंग दुखते आणि त्यातही पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देत नाहीत. डोळे लाल होतात, पण चिपडे येत नाहीत. सुरुवातीला हा आजार डेंग्यू किंवा मलेरियासारखाच वाटतो. काहींना दोन-तीन दिवस बरे वाटते आणि मग कावीळ होते, लघवी कमी होते, धाप लागते. मूत्रपिंड किंवा फुप्फुसापर्यंत आजार पोचला तर माणूस दगावू शकतो.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारायची वाट न पाहता सांगा : ‘मी साचलेल्या पाण्यातून चाललो होतो’ किंवा ‘आमच्याकडे उंदीर आहेत’. तपासणीत शोधतात ती रक्तातली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार व्हायला आठवडाभर लागू शकतो. त्यामुळे पहिल्या दिवसांतली तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे लेप्टो नाही, असे ठरत नाही. पुष्कळदा डॉक्टर निव्वळ संशयावरून प्रतिजैविके (अँटिबायोटिक) सुरू करतात आणि ते योग्यच असते. पाण्यातून चालावे लागले असेल तर ताप येण्याआधीच, 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. गरज वाटल्यास ते प्रतिबंधक म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर स्त्रिया आणि 8 वर्षांखालील मुलांसाठी औषध वेगळे असते, म्हणून परस्पर मेडिकलमधून गोळ्या आणू नका. पालिकेच्या आरोग्य केंद्रात आणि कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही दाखवता येते.

उंदरांमुळे इतर जिवाणूजन्य आजारही होतात. त्यांच्या लेंड्यांतून साल्मोनेला अन्नात जातो. प्लेग त्यांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो. 1896 ची मुंबईची साथ इतिहासात आहे आणि 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात तो पुन्हा दिसला होता. आज ठाण्यात आपल्या दारात उभा आहे तो लेप्टो.

उंदीर आहेत का, हे कसे ओळखायचे

मीटर रूमच्या कोपऱ्यात टॉर्च मारून पाहा. उंदीर रोज त्याच वाटेने भिंतीला घासून जातो, त्यामुळे जमिनीलगत काळपट, तेलकट पट्टा उमटतो. ताज्या लेंड्या मऊ आणि चकचकीत असतात, जुन्या राखाडी होऊन चुरगळतात. बिळाच्या तोंडाशी कोळिष्टक असेल तर ते बहुधा रिकामे आहे. शंका असल्यास बिळात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून ठेवा. सकाळी तो बाहेर ढकललेला दिसला की समजायचे.

लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून त्यावर ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडा, दहा मिनिटांनी फडक्याने पुसून घ्या. या पाण्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मेलेला उंदीर उचलताना पिशवी हातात उलटी घालून उचला आणि तिचे तोंड बांधा.

औषधाबद्दल थोडे स्पष्ट

‘नुसते औषध टाकून जा’ असे सांगणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. मादीची गाभणावस्था साधारण 3 आठवड्यांची असते आणि पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः वितात. कचरा उघडा आणि भोके तशीच राहिली, तर मेलेल्यांची जागा गटारातले उंदीर लवकरच घेतात. त्यामुळे आमचे अर्धे काम गवंड्याचे असते. अंगठा जाईल एवढ्या भोकातून मोठा उंदीर येतो, पेन्सिल जाईल एवढ्यातून लहान. थर्माकोल आणि फोम ते कुरतडतात. तारेची घासणी कोंबून वर सिमेंट, चेंबरला घट्ट झाकण, डक्टच्या तोंडाला लोखंडी जाळी, हे टिकते.

आम्ही ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशक विषाचे केक वापरतो, तेही कुलूपबंद डब्यात. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस लागतात. तोवर ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून दुसरे काही टाकू नका. लहान मुलाने किंवा कुत्र्याने केक खाल्लाच तर लक्षणांची वाट न पाहता वेष्टन घेऊन डॉक्टर गाठा. यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. ट्यूबमधल्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर मात्र उतारा नाही. ती पोटात गेली तर यकृत निकामी होऊ शकते आणि टूथपेस्ट समजून मुलेही ती तोंडात घालतात. पाव किंवा टोमॅटोला लावायला म्हणून कुणी सुचवली, तरी ती घरात आणू नका.

सोसायटीच्या सेक्रेटरींना एक विनंती. चेंबर उघडणाऱ्या आणि कचरा उचलणाऱ्या माणसाला जूनच्या आधी गमबूट आणि रबरी हातमोजे घेऊन द्या. आम्ही पाहणीला येऊ तेव्हा मीटर रूम, पंप रूम आणि गच्चीच्या चाव्या तयार ठेवा आणि तळमजल्याच्या दुकानदारांनाही बोलावून घ्या. एकाही गाळ्याचे शटर बंद राहिले, तर तिथली भोके बुजवता येत नाहीत आणि आम्हाला पुन्हा यावे लागते.