पाणी राखणारं शिसं: ब्रुकलंडचं बाप्तिस्माकुंड

इंग्लंडच्या केंट परगण्यात रोमनी मार्श नावाचा सखल, पाणथळ प्रदेश आहे. तिथल्या ब्रुकलंड गावी सेंट ऑगस्टीन चर्चचा लाकडी घंटामनोरा इमारतीपासून सुटा, थेट जमिनीवर उभा आहे. येणाऱ्यांच्या नजरा आधी त्याच्याकडेच जातात. पण खरा ऐवज चर्चच्या आत आहे: बाराव्या शतकातलं, शिशाचं, नळकांड्याच्या आकाराचं बाप्तिस्माकुंड, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाच्या विधीचं पाणी ठेवायचं भांडं.

कुंडाच्या बाहेरच्या अंगावर कमानींच्या दोन रांगा आहेत. वरच्या रांगेत बारा राशी आणि त्यांच्याखाली त्या-त्या महिन्याची कामं. जानेवारीत दोन तोंडांचा रोमन देव जानुस जेवायला बसलाय, फेब्रुवारीत माणूस शेकोटीशी, मे महिन्यात हातावर ससाणा घेतलेला घोडेस्वार, जूनमध्ये गवत कापणारा, ऑगस्टमध्ये विळा चालवणारा, सप्टेंबरमध्ये मळणी. महिन्यांची नावं नॉर्मन फ्रेंचमध्ये आहेत. कमानी मात्र प्रत्येक रांगेत २०, म्हणजे बारा महिने झाल्यावर मार्च ते ऑक्टोबर हे आठ पुन्हा आले आहेत. कारागिराचा हिशेब चुकला असं म्हणण्याआधी ओतकामाची रीत पाहायला हवी.

असं कुंड सहसा सपाट ओतलं जाई. ओलसर, घट्ट दाबलेल्या वाळूच्या थरावर लाकडी ठसे उमटवायचे आणि त्यावर वितळलेलं शिसं पसरायचं. वाळू जास्त ओली राहिली तर तिच्यातल्या पाण्याची एकदम वाफ होऊन शिसं उडतं, नाहीतर पत्र्यात पोकळ्या राहतात. फार कोरडी असेल तर ठशाच्या कडा ढासळतात. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे साधी लाकडाची भट्टी पुरते. पत्रा थंड झाला की वळवून गोल करायचा, सांधा झाळून बंद करायचा आणि तळ बसवायचा. ठसे हाताशी असले की पत्रा हवा तितका लांब करता येतो. बारा ठशांत घेर भरला नाही, तर तेच पुन्हा दाबायचे. ग्लॉस्टरशायरमध्ये तर एकाच साच्यातून निघालेली सहा कुंडं आजही आहेत.

शिसंच का, तर पाण्यासाठी. बाप्तिस्म्याचं पाणी ईस्टर आणि त्यानंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्ट या सणांच्या सुमारास मंतरलं जाई आणि मग पुढे बराच काळ कुंडातच राही. सच्छिद्र दगड ते शोषून घेतो, म्हणून दगडी कुंडांनाही आतून शिशाचं अस्तर देत आणि तळाच्या भोकातून वापरलेलं पाणी थेट जमिनीत जिरवत. साठवलेलं पाणी जादूटोण्यासाठी चोरलं जाईल, ही भीतीही होती. कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी १२३६ च्या सुमारास कुंडांना झाकण आणि कुलूप लावायला सांगितलं. त्याचे घाव दगडी कुंडांच्या काठावर समोरासमोर दिसतात. कुलपाच्या लोखंडी कड्या दगडात बसवल्या होत्या. त्या गंजल्या, गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि काठ फुटून निघाला. जुनं कुंड पाहताना आधी तिथे बोट फिरवावं.

शिशाचे शत्रू वेगळे. पहिला म्हणजे त्याचं स्वतःचं वजन. एक चौरस मीटर, एक सेंटिमीटर जाड पत्रा सुमारे ११३ किलो भरतो. केल्व्हिनमध्ये, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून (उणे २७३ अंश सेल्सिअस), मोजलं तर २० अंश सेल्सिअस हे शिशाच्या वितळणबिंदूच्या जवळजवळ निम्मं तापमान आहे. त्यामुळे खोलीच्या तापमानातही ते हळूहळू सरकत राहतं. भिंती खाली बसतात, तळाशी फुगवटा येतो, सांधे उकलतात. म्हणून तळाला सर्व बाजूंनी सपाट, सारखा आधार मिळणं अत्यंत महत्त्वाचं.

दुसरा शत्रू आहे ओकचं झाकण, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. ओकमधून ॲसेटिक आम्लाची वाफ सतत सुटत असते. घट्ट झाकणाखाली ती कोंडते, शिशाचं ॲसिटेट बनवते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा पांढरा कार्बोनेट होतो. पूर्वी रंगासाठी शिशाचा सफेदा तयार करत, त्यातलं रसायन हेच. कुंडाच्या आतल्या काठाजवळ पांढरी भुकटी दिसली, तर झाकणाखाली हवा खेळेल अशी फट ठेवावी आणि आतला ओलावा काढावा. भुकटी विषारी आहे. कोरड्या ब्रशने झाडायची नाही, हातमोज्यांशिवाय स्पर्श करायचा नाही. चकाकीसाठी लिंबू किंवा व्हिनेगर लावणं म्हणजे झाकणातून येणारं आम्लच हाताने ओतणं! करडा, मंद थर हेच शिशाचं संरक्षण आहे, तो तसाच राहू द्यावा.

तिसरा शत्रू माणूस. शिसं सहज वितळतं, बंदुकीच्या गोळ्यांपासून छपराच्या पत्र्यापर्यंत कशालाही चालतं. शेकडो वर्षांची दगडी कुंडं इंग्लंडभर आढळतात, मध्ययुगीन शिशाची मात्र तीसच्या आसपासच उरली आहेत. आता अनेक ठिकाणी विधीसाठी आत वेगळं उथळ भांडं ठेवतात आणि विधी झाला की पाण्यासकट बाहेर काढतात.