अश्वगंधा : औषधी गुणांचे संशोधन

अश्वगंधा (सं. अश्वगंधा, वाजिगंधा, हयगंधा, वराहकर्णी, म. आसंध, आस्कंद, डोरगुंज, हिं. असगंध, क. हिरेमद्दिन गिड, शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा, कुल सोलॅनेसी). वांगी, बटाटा, मिरची यांच्या कुलातील ३० ते १५० सेंमी. उंचीचे हे झुडूप आहे. फळ पोपटीसारखे पातळ पापुद्र्यात गुंडाळलेले, पिकल्यावर तांबडे-नारिंगी होते. औषधात मुख्यतः मूळ वापरतात. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो, त्यावरून संस्कृत नाव पडले. ‘घोड्याचे बळ देणारी’ हा अर्थ मागाहून जोडलेला दिसतो. चरकसंहितेत ती बल्य (बळ देणारी) व बृंहणीय (शरीर पुष्ट करणारी) या दोन्ही गणांत आहे. संहितेच्या आजच्या पाठाचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला धरतात, पण तो एकसंध नाही.

*ओळखीचा प्रश्न.* लिनीयसने १७५३ मध्ये हिला पोपटीच्या प्रजातीत घालून ‘फायसॅलिस सोम्निफेरा’ म्हटले. सोम्निफेरा म्हणजे झोप आणणारी. आजचे नाव द्यूनाल यांनी १८५२ मध्ये रूढ केले. प्रजातीचे नाव हेन्री विटॅम या ब्रिटिश भूशास्त्रज्ञावरून आल्याचे मानतात. भूमध्य सागराभोवती आढळणारे झुडूप आणि मध्य प्रदेशातील नीमच, मंदसौर भागात शेतात पिकवले जाणारे पीक ही एकच जात आहे का, हा वाद मात्र मिटलेला नाही. लागवडीची भारतीय अश्वगंधा ही स्वतंत्र जात असल्याचे मत कौल यांनी १९५७ मध्ये मांडले. अटल आणि श्वार्टिंग यांनी १९६१ मध्ये रानटी व लागवडीच्या झाडांतील फरक नोंदवले : रानटी झाड उंच आणि मूळ लाकडी, लागवडीचे ठेंगणे आणि मूळ मांसल, पिठूळ. पुढे २०११ मध्ये जनुकीय खुणा व संकरातील अडथळे यांच्या आधारे ‘विथानिया अश्वगंधा’ ही वेगळी जात पुन्हा पुढे आली. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ अजूनही एकच जात मानतात आणि येथेही तेच नाव ठेवले आहे. तथापि स्वतंत्र जातीच्या बाजूचा पुरावा हलका नाही.

हा वाद केवळ नावापुरता नाही. इस्राएलमधील रसायनशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात एकाच जातीतील झाडांत निरनिराळी विथॅनोलाइडे (या झाडातील स्टेरॉइडी घटक) असलेले तीन रासायनिक प्रकार दाखवले होते. म्हणून एखाद्या निबंधात नुसते ‘अश्वगंधेचा अर्क’ एवढेच लिहिले असेल, तर कोणते झाड, कोणता भाग आणि कोणता द्रावक हे कळल्याशिवाय त्याच्या निष्कर्षाला फारसा अर्थ उरत नाही.

*रसायने.* पॉवर आणि सॅल्वे यांनी १९११ मध्ये पहिले सविस्तर पृथक्करण प्रसिद्ध केले. मध्यंतरी भर अल्कलॉइडांवर होता; एकूण अल्कलॉइडांचा प्राण्यांवर होणारा शामक परिणाम मल्होत्रा व सहकाऱ्यांनी १९६५ च्या सुमारास अभ्यासला. १९६५ मध्ये लाव्ही, ग्लॉटर आणि श्वो यांच्या विथाफेरिन-ए च्या रचनेवरील कामाने लक्ष स्टेरॉइडी लॅक्टोनांकडे, म्हणजे विथॅनोलाइडांकडे वळले. विथाफेरिन-ए (२८ कार्बन, ३८ हायड्रोजन व ६ ऑक्सिजन अणूंचा रेणू) पानांत अधिक असते. ते व्हायमेंटिन या प्रथिनाला चिकटते हे २००७ मध्ये दाखवले गेले आणि कर्करोगाच्या पेशींवरील प्रयोगांना वेग आला. हे काम बव्हंशी काचेच्या बशीत आणि उंदरांवर झालेले आहे. झोपेच्या बाबतीत जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातील गटाने २०१७ मध्ये एक अनपेक्षित उत्तर दिले : उंदरांना झोप आणणारा घटक विथॅनोलाइड नसून पानातील ट्रायएथिलीन ग्लायकॉल हा साधा रेणू आहे.

*माणसांवरील चाचण्या.* सर्वाधिक उद्धृत होणारी चाचणी २०१२ ची आहे. तीत ताण असलेल्या ६४ जणांपैकी एका गटाला मुळाचा अर्क ३०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला. रक्तातील कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) सुमारे २८ टक्क्यांनी उतरले. निद्रानाशावर ६० रुग्णांची (२०१९), तर थायरॉइडच्या सौम्य न्यूनतेवर ५० रुग्णांची (२०१८) चाचणी झाली. निष्कर्ष अनुकूल असले तरी गट लहान आणि मुदत आठ-दहा आठवड्यांची आहे.

बळाचा मुद्दा कोल्हापुरात वेगळ्या कानाने ऐकला जातो. शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेली कुस्ती, खासबाग मैदान आणि पेठापेठांतल्या तालमी यांमुळे येथे ‘ताकदीचे औषध’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. २०१५ च्या चाचणीत ५७ पुरुषांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला. बाकावर झोपून उचलायच्या वजनात अश्वगंधा घेणाऱ्यांची सरासरी वाढ ४६ किग्रॅ., तर दुसऱ्या गटाची २६.४ किग्रॅ. होती. मात्र हे सर्व व्यायामात नवखे होते, आणि नवख्याचे आकडे झपाट्याने वाढतात हे कोणताही वस्ताद सांगेल. वर्षानुवर्षे जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

घरगुती वापरात चूर्ण दुधातून घेतात. क्षीरपाकाचे शास्त्रोक्त प्रमाण द्रव्य १, दूध ८, पाणी ३२ असे असून पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळतात. चाचण्यांत मात्र जवळजवळ सर्वत्र अर्काच्या कॅप्सूल आहेत.

बाजारात ‘नागोरी असगंध’ (राजस्थानातील नागौरवरून) या नावाला भाव आहे. गिऱ्हाईक मूळ मोडून पाहते : बाहेरून फिकट भुरे, कट्‌कन तुटणारे, आतून पांढरेशुभ्र, बोटाला पीठ लागणारे ते उत्तम. व्यापारात सुमारे ७ सेंमी. लांब व १ ते १.५ सेंमी. जाड तुकडे वरच्या प्रतीचे गणतात. तो पिठूळपणा स्टार्चचा आहे. विथॅनोलाइडांचे माप त्यावरून निघत नाही, त्यामुळे दुकानातील ‘अस्सल’ आणि प्रयोगशाळेतील ‘प्रमाणित’ यांचा मेळ बसेलच असे नाही. पिकाला हलकी, निचऱ्याची जमीन व बेताचा पाऊस लागतो. गगनबावडा-राधानगरीचा पावसाळी पट्टा किंवा पंचगंगाकाठची उसाची काळी जमीन तिला मानवणारी नव्हे.

*अपाय.* यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडच्या आहेत. आइसलँड व अमेरिकेतील पाच रुग्णांची कावीळ २०२० मध्ये नोंदली गेली. अश्वगंधा सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत ती उद्भवली होती. डेन्मार्कने २०२३ मध्ये या वनस्पतीवर बंदी घातली. गरोदरपणात आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू असताना ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. भारतात आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानांचा वापर टाळण्यास सांगितले. चूर्णात पान मिसळले असल्यास थोडी हिरवट झाक येते. ती लपवली असली तरी सूक्ष्मदर्शकाखाली पानावरचे फाटे फुटलेले केस दिसतात, आणि मुळाच्या निव्वळ चूर्णात ते नसतात.