नेतृत्वशैली व कर्मचाऱ्यांचे कार्य

नेतृत्वशैली : हाताखालच्या माणसांकडून काम करून घेताना वरिष्ठ निर्णय कसे घेतो, ते कसे कळवतो आणि चुकांची दखल कशी घेतो, यांतून दिसणारी त्याच्या वर्तनाची बऱ्यापैकी स्थिर पद्धत. कार्यसमाधान, निष्ठा, गैरहजेरी आणि उत्पादन यांच्याशी तिचा संबंध औद्योगिक मानसशास्त्रात अभ्यासला जातो.

या अभ्यासाचा प्रायोगिक आरंभ सामान्यतः कुर्ट लेविन, रोनल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात केलेल्या आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांपासून मानतात. सुमारे दहा वर्षांच्या मुलांच्या लहान मंडळांना मुखवटे करण्यासारखी कामे देण्यात आली; त्यांचे प्रौढ नेते काही वेळा हुकूमशाही, तर काही वेळा लोकशाही पद्धतीने वागत. मोकळीक देणारी तिसरी शैली मूळ आराखड्यात नव्हती; एका प्रौढ नेत्याची लोकशाही पद्धत प्रत्यक्षात निराळीच असल्याचे लक्षात आल्यावर ती वेगळी काढली गेली, असे दिसते. हुकूमशाही मंडळांतील काही मुले भांडखोर बनली, तर काही निमूट झाली. नेता खोलीबाहेर जाताच त्यांचे काम मंदावे, लोकशाही मंडळांत मात्र ते बरेचसे चालू राही. तथापि ही शाळकरी मुले होती, पगारी कामगार नव्हेत, त्यामुळे हे निष्कर्ष कारखान्याला जसेच्या तसे लावणे योग्य नाही.

कारखान्यातील पुरावा अधिक बोलका आहे. एडविन फ्लाइशमन व एडविन हॅरिस यांनी १९६२ मध्ये मालमोटारींच्या कारखान्यातील ५७ फोरमनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांची कदर न करणाऱ्या फोरमनांच्या विभागांत तक्रारी भरपूर होत्या, मग ते कामाची शिस्त कडक ठेवोत वा सैल. कदर करणाऱ्यांना मात्र तक्रारी फारशा न वाढता शिस्त कडक करता येत होती.

शैलीमुळे काम सुधारते की कामावरून शैली ठरते, हा वाद अजून मिटलेला नाही. आरॉन लोविन व जेम्स क्रेग यांच्या १९६८ च्या प्रयोगात टंकलेखक कामात कच्चा असल्याचे दिसताच पर्यवेक्षक अधिक कडक झाले आणि त्यांची आपुलकी घटली. त्यामुळे केवळ सहसंबंधावरून (दोन गोष्टी एकत्र कमीजास्त होतात एवढ्यावरून) वरिष्ठाला श्रेय वा दोष देणे धाडसाचे ठरते. सहसंबंधांच्या २००४ मधील एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातही आपुलकीचा संबंध समाधानाशी अधिक घट्ट, तर शिस्तीचा गटाच्या कामगिरीशी किंचित अधिक आढळला.

स्टीव्हन कर व जॉन जर्मिअर यांनी १९७८ मध्ये दाखवल्याप्रमाणे, अनुभवी व्यावसायिकांच्या गटात किंवा कार्यपद्धती काटेकोर ठरलेली असते तेथे वरिष्ठाच्या शैलीला फारसा वाव उरत नाही.