खुराक आणि काडतुसे: स्वप्नील कुसाळेच्या ऑलिंपिक पदकाची पार्श्वभूमी

1 ऑगस्ट 2024 रोजी, भारतीय वेळेनुसार दुपारी, फ्रान्समधील शातोरूच्या नेमबाजी केंद्रावर कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडी गावच्या एका तरुणाने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात कांस्यपदक जिंकले. ऑलिंपिकमध्ये या प्रकारात पदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे हा पहिला भारतीय. वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा तो महाराष्ट्राचा दुसरा खेळाडू ठरला आणि पहिल्या पदकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला राज्याला 72 वर्षे लागली. त्या दुपारपूर्वी खुद्द कोल्हापूर शहरात त्याचे नाव ऐकलेली माणसे मोजकीच होती. खेळावर इतका जीव लावणाऱ्या या शहराला आपल्याच जिल्ह्यातला जागतिक दर्जाचा नेमबाज एवढी वर्षे का दिसला नाही, हे समजून घ्यायचे तर कोल्हापूर खेळाडू कसा घडवते, येथूनच सुरुवात करावी लागते.

कोल्हापूरचा खेळाडू आजवर लोकांच्या डोळ्यांदेखत घडत आला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि तांबड्या मातीतली कुस्ती पेठांच्या आणि गावांच्या रोजच्या जगण्यात उतरली. तालमीत वस्ताद असतो, पोर पहाटे जोर-बैठका मारताना आळीतली माणसे त्याला पाहतात, त्याच्या दूध-बदामाच्या खुराकाची तजवीज घरचे, नातेवाईक किंवा गाव करते आणि जत्रेच्या फडात तो इनामावर लढतो तेव्हा ज्यांनी त्याचा खुराक पाहिलेला असतो तेच कडेला बसलेले असतात. फुटबॉलचेही तसेच. पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, आणि 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच वातावरणातून पुढे आला. या व्यवस्थेत खेळाडूचा खर्च समाज उचलतो, म्हणून समाजाला तो खेळाडू लहानपणापासून माहीत असतो. खर्च आणि ओळख या दोन गोष्टी येथे एकत्र चालतात, हे माझ्या मते या साऱ्या कहाणीतले सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे.

पहिल्या पदकाची हकीकत हेच सांगते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक मदतीने गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करायचे होते, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये दिले. बाकीची रक्कम गावाने आणि हितचिंतकांनी जमवली. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. परत आल्यावर बैलगाड्यांच्या लांबलचक रांगेने त्यांची मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून, त्यांत स्वतः लढून प्राचार्यांचे कर्ज फेडले. घर गहाण ठेवणारे प्राचार्य आणि मातीत उतरून ते सोडवणारा विद्यार्थी हे दोघेही त्या काळच्या कोल्हापूरची खूण आहेत.

नेमबाजी या व्यवस्थेत बसत नाही. गावाला दूध देता येते, जत्रेत इनाम लावता येते. काडतुसे गोठ्यात होत नाहीत. रायफल परदेशातून येते, प्रत्येक गोळीला पैसे पडतात, आणि 50 मीटरवरील 10.4 मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळात सातत्याने नेम लागावा म्हणून वर्षाला हजारो गोळ्या झाडाव्या लागतात. जाड जॅकेट, ताठ पँट आणि खास बूट हा खर्च वेगळाच. सरावाला बंदिस्त रेंज लागते, तेथे बघ्यांना जागा नसते, आणि असली तरी पाहण्यासारखे फारसे काही घडत नाही, कारण उत्तम नेमबाज तोच ज्याचे शरीर अजिबात हलत नाही. म्हणजे खर्च प्रचंड, पण तो वाटून घेणारा समाज नाही, आणि म्हणूनच ओळखही नाही.

तरीही कोल्हापूरने या खेळात मोठी माणसे दिली. तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत 50 मीटर रायफल प्रोन, म्हणजे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले आणि ती नेमबाजीत जागतिक विजेती ठरलेली पहिली भारतीय महिला झाली. मात्र महिलांचा प्रोन प्रकार ऑलिंपिकमध्ये नव्हताच, त्यामुळे जगज्जेतेपदानंतरही तिला ऑलिंपिकसाठी टोकियोपर्यंत थांबावे लागले. राही सरनोबतने 2013 मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले आणि 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. या दोघींनी रायफल आणि पिस्तूल हे कोल्हापूरच्या पोरापोरींचे खेळ होऊ शकतात, एवढे सिद्ध करून ठेवले होते. प्रश्न फक्त पैशांचा आणि जागेचा उरला होता.

कांबळवाडीच्या कुसाळे कुटुंबात वडील शिक्षक. आई पुढे गावची सरपंच झाली. 6 ऑगस्ट 1995 ला जन्मलेल्या स्वप्नीलला वडिलांनी 2009 मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे पहिले वर्ष केवळ शारीरिक तयारीचे असे आणि त्यानंतर एक खेळ निवडावा लागे. त्याने नेमबाजी निवडली. पुढचे शिक्षण आणि सराव नाशिकला झाला, नंतर पुणे हे त्याचे ठिकाण झाले. वडिलांनी कर्ज काढून त्याचा खर्च चालवला, 2013 पासून लक्ष्य या संस्थेचे पाठबळ मिळाले आणि 2015 मध्ये मध्य रेल्वेच्या पुणे विभागात तिकीट तपासनिसाची नोकरी लागल्यावर त्याने स्वतःची पहिली रायफल घेतली. खाशाबांच्या वेळी जे काम प्राचार्यांच्या गहाणखताने आणि गावाच्या वर्गणीने केले, ते येथे शासनाची निवासी प्रबोधिनी, एक क्रीडा संस्था, रेल्वेचा पगार आणि एका शिक्षकाचे कर्ज यांनी मिळून केले. यांपैकी वडिलांचे कर्ज सोडले तर बाकी सारे कोल्हापूरबाहेरचे होते, आणि शहराला तो न दिसण्याचे खरे कारण हेच आहे. त्याला कुणी हेतुपुरस्सर डावलले नाही. तो कोल्हापूरच्या नजरेच्या टप्प्यात वाढलाच नाही.

दुसरे कारण खुद्द निकालांत दडलेले होते. 2015 मध्ये कुवेतच्या आशियाई स्पर्धेत तो कुमार गटात प्रोन प्रकारात विजेता ठरला. राष्ट्रीय स्पर्धेत त्याच प्रकारात त्याने गगन नारंग आणि चैन सिंह यांना मागे टाकले. पण पुरुषांचा प्रोन प्रकारही 2016 च्या रिओ ऑलिंपिकनंतर कार्यक्रमातून वगळला गेला. झोपून नेमबाजी करणाऱ्यासमोर मग एकच वाट उरली, ती गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून अशा तीनही स्थितींत पक्के होण्याची. यांतील उभी स्थिती सर्वांत कठीण, कारण शरीराला जमिनीचा आधार फक्त दोन पावलांपुरता असतो आणि रायफलचे सारे वजन कंबरेवर आणि डाव्या हातावर पेलायचे असते. टोकियोच्या संघात त्याची निवड झाली नाही. अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्याची घडण त्याआधीपासून चालू होती आणि टोकियोनंतरही ती थांबली नाही.

2022 च्या जूनमध्ये बाकूच्या विश्वचषकात तो अंतिम लढतीपर्यंत गेला आणि युक्रेनच्या सेरही कुलिशकडून 16-10 असा हरला. रौप्य मिळाले, पण वृत्तपत्रांत त्याला जेमतेम जागा मिळाली. त्याच वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला. या चौथ्या क्रमांकानेच भारताला पॅरिसचा कोटा, म्हणजे ऑलिंपिकमधील एक जागा, मिळवून दिला, तरी चौथ्याचा फोटो कुणी छापत नाही. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि अखिल शेरॉन यांच्यासह त्याने सांघिक सुवर्ण जिंकले. वैयक्तिक फेरीत मात्र आघाडीवर असताना उभ्या स्थितीतल्या एका वाईट गोळीने घात केला आणि तो पुन्हा चौथा राहिला. कोटा त्याने मिळवला असला तरी तो देशाचा असतो, नेमबाजाचा नसतो; त्यामुळे 2024 मध्ये दिल्ली आणि भोपाळ येथील निवड चाचण्यांतून त्याला स्वतःची जागा नव्याने कमवावी लागली.

पॅरिसमध्येही पात्रता फेरीनंतर कुणी त्याच्यावर फार आशा ठेवावी असे चित्र नव्हते. तो 590 गुणांनी सातवा आला आणि आठच जण अंतिम फेरीत जाणार होते. सहकारी ऐश्वर्य तोमर 589 गुणांवर अकरावा राहिला. एका गुणात इतके अंतर होते. अंतिम फेरीचे आकडे नीट वाचले तर त्या माणसाचा स्वभाव कळतो. गुडघ्यावरच्या 15 गोळ्यांत त्याने 50.8, 50.9 आणि 51.6 अशा पाच-पाच गोळ्यांच्या मालिका करून 153.3 गुण घेतले. प्रत्येक मालिका आधीपेक्षा चांगली. झोपून 156.8 आणि एकूण 310.1. मग ती उभी स्थिती, जिने हांगझोऊत पदक हिरावले होते. दहा गोळ्यांत 101.5 गुण मिळवून तो 411.6 वर, म्हणजे तिसऱ्या क्रमांकावर आला. तेथून पुढे प्रत्येक गोळीनंतर एकेक जण बाहेर पडत असतो. त्याच्या गोळ्या होत्या 10.5, 9.4, 9.9 आणि 10.0. यांतली 9.4 ही हांगझोऊची आठवण करून देणारी होती, पण या वेळी तिच्यामागून घसरण आली नाही. 451.4 गुणांवर तो थांबला तेव्हा चौथा क्रमांक अखेर दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेला होता. चीनच्या लिऊ युकुनने 463.6 गुणांसह सुवर्ण घेतले आणि 461.3 गुणांसह रौप्य घेणारा नेमबाज होता बाकूतला तोच कुलिश.

त्या आठवड्यात मनू भाकरच्या पदकांमुळे देशाचे लक्ष नेमबाजीकडे आधीच वळले होते. मनूचे वैयक्तिक कांस्य, सरबज्योत सिंहसह तिचे मिश्र सांघिक कांस्य आणि पाठोपाठ हे तिसरे पदक. मग कोल्हापूरने जे केले ते त्याच्या जुन्या रीतीला धरून होते: फटाके, गुलाल, कांबळवाडीत रीघ आणि पुढे शहरात मिरवणूक. रेल्वेने त्याला विशेष कार्याधिकारी पदावर बढती दिली, राज्य शासनाने एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर केले. लोकांचा आनंद खरा होता, आणि खर्चात वाटा नसताना तो तितक्याच आपलेपणाने साजरा झाला, याचे मला मोल वाटते. मात्र बैलगाड्यांच्या मिरवणुकीतल्या माणसांना खाशाबांच्या प्रवासखर्चातला आपला वाटा ठाऊक होता. या मिरवणुकीतल्या अनेकांना थ्री पोझिशन म्हणजे काय, हे त्याच आठवड्यात कळले होते.

खाशाबा 1955 मध्ये पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, पदकानंतर जवळपास अर्धशतकाने. स्वप्नीलला तो साडेपाच महिन्यांत मिळाला. 17 जानेवारी 2025 रोजी राष्ट्रपती भवनात तो पुरस्कार स्वीकारायला गेला, तेव्हा त्याच समारंभात दीपाली देशपांडे यांना द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला.