मूलपेशी, उपचारयोग्य दर्जाच्या

रुग्णाच्या किंवा दात्याच्या ऊतकातून घेतलेल्या मूलपेशी (स्टेम सेल) वाढवून आणि तपासून शरीरात सोडण्याइतक्या निर्धोक केल्या, म्हणजे त्या उपचारयोग्य दर्जाच्या ठरतात. हा दर्जा पेशीच्या अंगी मुळात नसतो. ती कशी हाताळली यावर तो अवलंबून असतो. रक्ताच्या रोगांत अस्थिमज्जेतील मूलपेशी फारसा बदल न करता दिल्या जातात. पेशी वाढवल्या की मात्र भारतात त्या औषध मानल्या जातात व त्यांना 2019 चे नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम लागू होतात.

मज्जा बहुधा कमरेच्या हाडातून काढतात. पेशी उघड्या हाताळायच्या जागी घनमीटरभर हवेत 0.5 मायक्रॉन वा त्याहून मोठे कण 3,520 पेक्षा जास्त चालत नाहीत. पेशी 37 अंश सेल्सियसला, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवतात. पूर्वी पोषणासाठी वासराच्या रक्तातील द्रव सर्रास वापरीत. त्यातून प्राणिज प्रथिने व संसर्ग येण्याचा धोका असल्याने आता रक्तपेढीतील बिंबिकांचा (प्लेटलेट) अर्क अधिक पसंत केला जातो. जिवाणू, बुरशी, मायकोप्लाझ्मा (पेशीभित्ती नसलेले अतिसूक्ष्म जिवाणू), जिवाणूविष आणि गुणसूत्रे यांची तपासणी होते. निर्जंतुकतेच्या रूढ चाचणीला 14 दिवस लागतात आणि ताज्या पेशी तितक्या टिकत नाहीत, म्हणून त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवणे सोयीचे असते.

बेळगाव सीमाभागाला हा विषय दूरचा नाही. निपाणीचा परिसर तंबाखू आणि विड्यांसाठी ओळखला जातो, आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पाडणारा बर्गर रोग मुख्यतः तरुण धूम्रपान करणाऱ्यांना होतो. शेवटी पाय कापण्याची वेळ येऊ शकते. बंगळुरूत विकसित झालेल्या, दात्यांच्या मज्जेपासून बनवलेल्या 'स्टेम्प्यूसेल' या पेशी-औषधाला 2020 मध्ये पायाच्या अशा गंभीर रक्तपुरवठा-अभावासाठी मान्यता मिळाली. ते पोटरीच्या स्नायूत टोचतात. मात्र विडी सुटली नाही तर रोग थांबत नाही, हे नातेवाइकांना आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. बेळगावपासून बंगळुरू सुमारे 500 किलोमीटर असल्याने अशा पेशी गोठलेल्याच आणाव्या लागतात, आणि त्या वितळवून लगेच टोचण्याची शिस्त स्थानिक रुग्णालयालाच पाळावी लागते.

मान्यता नसलेला मूलपेशी-उपचार केवळ वैद्यकीय चाचणीतच देता येतो. त्याचे संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत हवे, म्हणजे निपाणी-खानापूर भागात पुष्कळदा कन्नडबरोबर मराठीतही. आणि 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाचणीतील पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.